रविवारी अख्खं शहर बंद : म्युनिकची ही शांतता हवीशी की जाचक?

इसारकाठ
म्युनिकला येऊन चार महिने झाले. स्टेशनात शिरताना तिकीट तपासणारं फाटक नाही (विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड), प्लास्टिकची रिकामी बाटली परत केली की २५ सेंट मिळतात, घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा. हे सगळं लवकर अंगवळणी पडलं. वेळ लागला तो रविवारची सवय व्हायला. इथे शनिवारी रात्री आठला दुकानं बंद झाली की थेट सोमवारी उघडतात.

पहिल्या शनिवारी सामान लावण्यात दिवस गेला. रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी दुकानापुढे पोचले. आत दिवे चालू, एक बाई फरशी पुसत होती, दार मात्र बंद. घरात ना दूध ना पीठ. रविवारी सकाळी बेकरी तेवढी तीन तास उघडी होती, म्हणून पाव मिळाला. दुपारी रिकाम्या बरण्या घेऊन काचेच्या डब्यांपाशी गेले. इथे पांढरी, हिरवी, तपकिरी काच वेगवेगळी टाकतात. पहिली बरणी टाकणार, तोच वरच्या बाल्कनीतून एक आजी म्हणाल्या, "हॉयटे इस्ट झोनटाग!" आज रविवार आहे. काच फुटल्याचा आवाजसुद्धा आज नको. डब्यावर लिहिलेलंच होतं : सोमवार ते शनिवार, सकाळी ७ ते संध्याकाळी ७.

तेव्हा राग आला होता. आज मी ठामपणे म्हणते, हे चांगलं आहे. रविवारी आम्ही तिघं इसार नदीच्या काठाने फ्लाउखर बागेपर्यंत चालत जातो, लेक पाण्यात खडे टाकत बसते. फरशी पुसणारी ती बाईही त्या दिवशी आपल्या माणसांत असेल. पुण्यात आमच्या खालचे किराणावाले काका बाराही महिने सकाळी सात ते रात्री दहा दुकानात. दुपारचा डबा गल्ल्यापाशीच. आम्हाला रात्री नऊला कोथिंबीर मिळायची, त्याची किंमत ते मोजत होते.

रात्रपाळी
ताई, कळलं, पण पटलं नाही. मी इथे नऊ वर्षं नर्स आहे. शनिवारी दुपारपाळी संपवून निघते तेव्हा साडेनऊ झालेले असतात, आणि रविवारी पहाटे पुन्हा कामावर. माझा रविवार कोण राखतं? दवाखाने, ट्राम, हॉटेलं, तुमची ती बेकरी, सगळं चालूच असतं. ओस्टबानहोफ रेल्वे स्टेशनवरच्या दुकानात रविवारी जाऊन बघा, रांग दारापर्यंत येते. रांगेत सगळे माझ्यासारखेच, पाळीवाले.

एका रविवारी मुलाला ताप चढला. त्या रविवारी उघडं राहायची पाळी ज्याची होती ते औषधदुकान शोधून दोन ट्राम बदलून गेले. दाराच्या झरोक्यातून औषध मिळालं, वर अडीच युरो जादा.

आणि एक सांगते. पहिलं वर्ष मी इथे एकटी होते. शनिवारी रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही, कारण 'गुटेन टाग' म्हणायला काउंटरवरची बाईसुद्धा नसायची. नवरा-मूल सोबत असलं की इसार छान वाटते. एकटीला ती खोली खायला उठते.

सातरस्ता
माझे आजोबा गिरणीत होते, म्हणून राहवत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मिळवली म्हणून. रविवार खंडोबाचा वार, हेही कारण त्यांनी पुढे केलं होतं. सगळ्यांना एकच वार मिळाला, म्हणून तर चाळीत भजनं, सभा, लग्नाच्या बैठकी होऊ शकल्या.

महाराष्ट्रात २०१७च्या कायद्यानंतर दुकानं वर्षभर उघडी ठेवता येतात. कामगाराला आठवड्याची सुट्टी आहे, पण वार कुठलाही. माझ्या चुलतभावाला मॉलमध्ये मंगळवार मिळतो. मुलं शाळेत, वहिनी कामावर. घरी एकट्याने टीव्ही बघायचा, ही काय सुट्टी झाली? जर्मनांनी रविवार घटनेतच घातलाय, १९१९च्या जुन्या जर्मन (वायमार) घटनेतलं कलम आजही लागू आहे. बर्लिनने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडायची ठरवली, तेव्हा २००९ मध्ये सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने ते अडवलं.

रात्रपाळी
लोखंडेंनी कामगाराला विश्रांती मागितली, दुकानाला कुलूप नाही. ऑगस्ट २०२५ पासून बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, नवा कायदा लागू झालाय : १५० चौरस मीटरपर्यंतची, आत कुणी कामाला नसलेली दुकानं रविवारीही उघडी राहू शकतात. कार्डाने आत जायचं, आपलं बिल आपणच करायचं. कुणाची सुट्टी न मोडता मला दूध मिळालं. यात तुम्हा दोघांना काय खुपतं?

इसारकाठ
दूध मिळू दे हो, त्याला ना नाही. पण विनामाणसाचं दुकान रविवारी चाललं की मालक म्हणेल, सोमवारीही माणूस कशाला? फरशी पुसणाऱ्या बाईचं काम त्यातच जाईल, याची मला धास्ती आहे. तुमच्या त्या पहिल्या वर्षाचा विचार मात्र मी केला नव्हता. येत्या रविवारी सुट्टी असेल तर आमच्याकडे जेवायला या. मिक्सरचं काम मी शनिवारीच उरकून ठेवते.

रात्रपाळी
येत्या रविवारी पाळी आहे, त्याच्या पुढच्या रविवारी नक्की येते. मत मात्र जेवल्यावरही हेच राहील.