डब्यातला मासा हा मासा आहे की नाही?

कोथरूडचा भाडेकरू
जून लागला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, म्हणजे पुण्यात आता बर्फातला शिळा माल नाहीतर रोहू-कटला. त्यात आमच्या घरमालकांची अट: काय हवं ते खा, वास जिन्यात येता कामा नये. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी डब्याकडे वळलो. आधी ट्यूना आणला. ओल्या पुठ्ठ्यासारखा लागला. (पाण्यातला आणला होता. तेलातला आणायचा असतो, हे कोणी सांगत नाही.) मग सार्डिन, म्हणजे आपली तारलीच. वर बारीक कांदा, हिरवी मिरची, लिंबू आणि सोबत तांदळाची भाकरी. काटे इतके मऊ की चावून खाता येतात. माझा दावा एवढाच: डबाबंद माशाला नाकं मुरडणाऱ्या निम्म्या लोकांनी तो कधी तोंडातच घातलेला नसतो. या भांडायला.

हर्णैकर
आलो. परदेशी डबा असेल तर ती आपली तारली नव्हे, तिची युरोपातली चुलत बहीण. आणि काटे मऊ झाल्याचं कौतुक कसलं करता? डबा सीलबंद करून दाबाखाली 115-120 अंशांपर्यंत तापवतात, म्हणून होतात. इतका शिजल्यावर काट्याबरोबर माशाचा स्वभावही जातो. बांगडा बोटांनी सोडवत खाणं हे निम्मं जेवण असतं हो! राहिला पावसाळा. त्याची सोय आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिला आगोट म्हणतात. मे महिन्यातच सोडे, जवळा, सुके बोंबील, वाकट्या भरून ठेवायच्या. सोड्यांची खिचडी खाल्लेला माणूस टिनच्या डब्याकडे ढुंकून बघणार नाही.

कोथरूडचा भाडेकरू
सोडे मलाही जीव की प्राण. पण तुम्ही जवळा तव्यावर परतून बघा आमच्या इमारतीत, दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर नाव लागेल. आणि सुकवलेला मासा तरी ताज्यासारखा कुठे लागतो? त्याची वेगळी चव आपण मानली, कारण आजीने खाऊ घातला. डब्याला आजी नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

निवृत्त फौजी
हा प्रकार फौजेने मोठा केलाय, तेव्हा दोन शब्द. निकोला अपेर नावाच्या फ्रेंच हलवायाला 1810 मध्ये त्याच्या सरकारने या युक्तीबद्दल 12,000 फ्रँक दिले. त्याच्या काचेच्या बाटल्या होत्या. टिनचा डबा इंग्लंडात आला आणि लगेच तिथल्या आरमाराकडे गेला. गंमत म्हणजे डबा उघडण्याचं हत्यार यायला पुढे चाळीसेक वर्षं लागली. तोवर छिन्नी-हातोडा!

आता माझा अनुभव. उंचावरच्या चौकीवर डबाबंद मटण पुष्कळ खाल्लं. गरम पाण्यात डबा बुडवून ठेवायचा, मग कांदा-मसाल्यात परतायचा. कितीही मसाला घाला, चव तीच, आणि मांसाचे नुसते धागे. निवृत्तीनंतर एकदाही विकत आणलेलं नाही. पण तारल्यांचा डबा अजून आणतो. माझं मत म्हणाल तर तेलकट माशाला डबा मानवतो, मटणाला नाही.

कॅम्पवाली
काका, मटणापुरतं मान्य, पण पोर्कचं लंचन मीट विसरलात! डब्यातून काढून तसंच खाल्लं तर कोणालाही नकोसं होईल, मिठाचा गोळा नुसता. पातळ काप करून कोरड्या तव्यावर कडा करपेपर्यंत भाजायचे, पावात घालायचे, वर हिरवी चटणी. आमच्याकडे रविवार सकाळ हीच. अमेरिकेत 1937 मध्ये निघालेलं स्पॅम हवाईत भातावर ठेवून खातात, आणि कोरियात तर चुसॉकच्या सणाला त्याच्या डब्यांचे संच भेट देतात, आपण दिवाळीला सुकामेवा देतो तसे. गरिबीचं खाणं म्हणून हिणवण्याआधी एवढं बघा.

हर्णैकर
ताई, कडा करपेपर्यंत भाजलं तर पुठ्ठाही बरा लागेल.

शनिवारपेठी हिशेबनीस
मी शाकाहारी. डबे चिरंजीव आणतात, पैसे मी देतो, म्हणून बोलण्याचा हक्क आहे. ट्यूनाच्या डब्यावर 185 ग्रॅम लिहिलेलं असतं. परवा चाळणीत गाळून वजनकाट्यावर ठेवला (काटा नंतर तीनदा धुतला). 130 च्या आसपास भरला. म्हणजे माशाच्या भावाने पाणी घेतलं आपण. निथळल्यावरचं वजन शेजारी बारीक अक्षरात छापलेलं असतं म्हणे, ते वाचायला माझा चष्मा पुरला नाही.

कोथरूडचा भाडेकरू
म्हणूनच तेलातला घ्या म्हणतो. ते तेल मी टाकत नाही, त्यातच बटाट्याच्या काचऱ्या परततो. (हो, वास येतो. खिडकी उघडतो.) आणि हिशेब करताय म्हणून सांगतो, सवलतीच्या टोपलीतले शिवणीवर चेपलेले डबे घेऊ नका. फुगलेला डबा तर उघडूसुद्धा नका, सरळ कचऱ्यात. आत जंतूंनी वायू केलेला असू शकतो, आणि बोट्युलिझमचं विष चवीला कळत नाही.

हर्णैकर, एकच विचारतो. तारल्यांचं तिखलं तुम्ही दुसऱ्या दिवशी जास्त आवडीने खाता की नाही? मुरल्यावर? फ्रान्समध्ये तेलातल्या सार्डिनचे डबे लोक मुद्दाम वर्षानुवर्षं मुरवतात, अधूनमधून उलटे करून ठेवतात. तेच तर चाललंय.

हर्णैकर
दुसऱ्या दिवशीच्या तिखल्याला मधे आणलंत, हे बरं नाही केलंत. ते मुरतं कोकमात आणि मातीच्या भांड्यात, कपाटात नव्हे.

माझं मत बदललेलं नाही. बंदी उठली की एका रविवारी सकाळी गणेश पेठेच्या मासळी बाजारात या. म्हणजे श्रावण पाळत नसाल तर. पिशवीभर तारल्या मी घेऊन देतो, जिन्यातल्या वासाचं तुम्ही बघा.