मदत हवी आहे: देशाची प्रगती आकड्यांतून सांगणारी संस्था – नेतृत्वाची घडी कशी बसवावी?

तळटीप

नमस्कार मंडळी,

देश कुठे पुढे गेला आणि कुठे मागे पडला हे अधिकृत आकडेवारीवरून सामान्य नागरिकांना सांगणारी ना-नफा संस्था उभी करतोय. आरोग्य, शिक्षण, रोजगार, पर्यावरण, सार्वजनिक खर्च असे विषय असतील. मतं आणि शिफारशी द्यायच्या नाहीत. नोंदणी झाली आहे. सहा पगारी जागा भरता येतील आणि पहिल्या दोन वर्षांचा जवळपास सगळा निधी एकाच देणगीदाराकडून येणार आहे.

घोडं अडलंय ते नेतृत्वावर. सध्याचा विचार असा, की एका नामवंत अर्थतज्ज्ञांना अध्यक्ष करावं आणि कार्यकारी प्रमुखही तेच असावेत, म्हणजे विश्वासार्हता आयती मिळेल. जाणकारांकडून हवंय ते असं:

१. सहा जागा कोणत्या असाव्यात, आणि आकडा प्रसिद्ध करण्याचा शेवटचा अधिकार कोणाकडे?
२. विश्वस्त मंडळात राजकीय पक्षांची माणसं घ्यावीत का?
३. देणगीदारांना मंडळावर एक जागा हवी आहे. द्यावी का?
४. सुरुवात किती निर्देशकांनी करावी? (निर्देशक म्हणजे देशाची स्थिती दाखवणारा एकेक आकडा, उदा. बेरोजगारी दर.)

छेदस्थानी

आधी अर्थतज्ज्ञांचं बघू. नामवंत माणूस वर्तमानपत्रांत लिहितो, वाहिन्यांवर बोलतो, त्याची मतं जगजाहीर असतात. तुमचा बेरोजगारीचा आलेख कितीही कोरडा असला तरी तो 'अमक्यांचा आलेख' म्हणूनच वाचला जाईल. त्यांना सल्लागार गटात घ्या, तीन वर्षांच्या मुदतीवर, आणि त्या गटात त्यांच्याशी न पटणारे निदान दोन जण असू द्या. अध्यक्ष आणि कार्यकारी प्रमुख ही पदं तर एकाकडे नकोतच. प्रमुखाच्या कामाचा हिशेब अध्यक्षाने घ्यायचा असतो, तो स्वतःच स्वतःचा कसा घेणार?

सहा जागा: कार्यकारी संचालक (म्हणजेच कार्यकारी प्रमुख), प्रमुख संख्याशास्त्रज्ञ, दोन विश्लेषक, एक संपादक, आणि आलेख व वेबसाइट सांभाळणारा एक. हिशेबनीस बाहेरचा, अर्धवेळ चालतो. निधी उभारणं संचालकाच्या कामात धरा. म्हणूनच आकड्यांवरचा शेवटचा शब्द त्याचा नको. अनुदानाच्या नूतनीकरणाची बैठक तोंडावर असताना नेमका देणगीदाराच्या आवडत्या विषयातला वाईट आकडा येतो, आणि मग 'जरा पुढच्या आठवड्यात टाकू' असं सुरू होतं. यात खोटं कोणीच बोलत नाही. फक्त वाईट आकडे उशिरा आणि चांगले वेळेवर येऊ लागतात. वर्षभरात वाचकाच्या ते लक्षात येतं.

उपाय संस्थेच्या घटनेतच लिहून ठेवायचा. प्रमुख संख्याशास्त्रज्ञाची नेमणूक आणि बडतर्फी मंडळ करेल, संचालक नाही. वर्षाचं प्रसिद्धी-वेळापत्रक आधीच जाहीर करायचं आणि तारीख बदलली तर कारण त्याच पानावर छापायचं. प्रत्येक आकडा दोन विश्लेषकांनी मूळ तक्त्यावरून वेगवेगळा काढायचा. दोन्ही उत्तरं जुळल्याशिवाय संपादकाकडे जायचा नाही. बहुतेक चुका सूत्रात नसतातच. चुकीच्या वर्षाचा रकाना, हजार-लाखांची गल्लत, 'एकूण'मध्ये उपगट दोनदा मोजणं, अशा त्या असतात.

शेराशेवाय

वरच्या प्रतिसादाशी अंशतः असहमत. कायदेशीर जबाबदारी संचालकावर आणि अधिकार दुसऱ्याकडे, हे चालणार नाही. बदनामीची नोटीस आली तर उत्तर कोण देणार?

छेदस्थानी

@शेराशेवाय, रास्त शंका. म्हणून अधिकार फक्त नकाराचा ठेवायचा. संख्याशास्त्रज्ञ एखादा आकडा थांबवू शकतो, पण संचालकाच्या मनाविरुद्ध प्रसिद्ध करू शकत नाही. आणि संचालकाने वेळापत्रकातला आकडा रोखला तर लेखी कारणासह तो विषय सात दिवसांत मंडळापुढे जातो. प्रत्यक्षात ती लेखी कारण द्यायची अटच बरंच काम करते.

मध्यक

प्रश्न २ आणि ३ बद्दल.

मंडळ सात जणांचं पुरे. मुदत तीन वर्षं, जास्तीत जास्त दोनदा, आणि सगळ्यांची मुदत एकदम संपणार नाही अशी पहिलीच नेमणूक एक, दोन, तीन वर्षांची करा. पदावर असलेला किंवा निवडणूक लढवणारा कोणी नको. माजी लोकप्रतिनिधी घ्यायचे असतील तर वेगवेगळ्या पक्षांतले, समसंख्येने. एकच घेणं हे एकही न घेण्यापेक्षा वाईट. त्याहून उपयोगी म्हणजे सरकारी सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेली व्यक्ती, एखादा लेखापरीक्षक, एक शिक्षक किंवा ग्रंथपाल. सर्वसाधारण वाचकाला हा परिच्छेद कळेल का, हे सांगणारं कोणीतरी त्या टेबलाशी हवंच.

देणगीदाराला जागा नको. निधीच्या करारात तीन कलमं घाला: निर्देशक निवडण्यात सहभाग नाही, प्रसिद्धीपूर्वी मसुदा दाखवला जाणार नाही, आणि निकाल न आवडल्यास हप्ता रोखता येणार नाही. दुसऱ्या कलमावर लोक हसतात, 'फक्त बघणार तर आहेत' म्हणतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना आकडे आधी दाखवण्याची प्रथा जुलै २०१७ मध्ये बंद केली. तिथे हा कालावधी चोवीस तासांपर्यंतचा होता, तरी शंकेला जागा होतीच.

एकाच झऱ्यावर अवलंबून राहण्याबद्दल अमेरिकेचं उदाहरण बघा. राष्ट्रीय निर्देशकांची व्यवस्था उभारण्याची तरतूद तिथल्या २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यात झाली, 'स्टेट ऑफ द यूएसए' ही ना-नफा संस्था त्याच कामासाठी तयार होती. कायद्यात रक्कम लिहिलेली होती, पण ती प्रत्यक्ष मंजूर होण्याची पायरी वेगळी असते आणि तिथेच गाडं अडलं. तुमच्याकडे दोन वर्षं आहेत. तिसऱ्या वर्षी एकाचा वाटा निम्म्याच्या आत, पाचव्या वर्षी पंचवीस टक्क्यांच्या आत, असं लक्ष्य आजच ठरावात लिहा. एकूण उत्पन्नाच्या पाच टक्क्यांवर देणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि रक्कम वेबसाइटवर टाका.

पायाभूत वर्ष

चौथ्या प्रश्नाकडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलंय, पण संस्था बुडते ती बहुधा इथेच. शंभर निर्देशकांनी सुरुवात केली तर दोन विश्लेषक जुन्या पानांची देखभाल करण्यातच संपतात. वीस घ्या. निवड झाल्यावर तीन वर्षं यादी गोठवा. नाहीतर बातम्यांत जे गाजतं तेच मोजलं जातं, आणि एखादा निर्देशक खराब दिसू लागला की तो 'कालबाह्य' ठरतो.

प्रत्येक निर्देशकाचं एक पानाचं कार्ड करा. बेरोजगारी दराचं कार्ड असं दिसेल. अंश: काम नसलेले, शोधणारे आणि लगेच रुजू होऊ शकणारे. छेद: श्रमशक्ती (काम करणारे आणि काम शोधणारे मिळून), लोकसंख्या नव्हे. संदर्भ आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास काम केलेली व्यक्ती आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे रोजगारात धरली जाते. सोबत वाचायचा आकडा: श्रमशक्ती सहभाग दर, कारण लोकांनी निराश होऊन काम शोधणंच सोडलं तर बेरोजगारी दर खाली येतो. मग स्रोत, वारंवारिता, किती महिने उशिरा येतो, आणि मालिका कुठे तुटली आहे, म्हणजे व्याख्या किंवा पद्धत बदलल्यामुळे जुने आणि नवे आकडे कुठे जुळत नाहीत.

'मालिका तुटली' हा रकाना रिकामा ठेवू नका. जागतिक बँकेने अतिगरिबीची रेषा जून २०२५ मध्ये रोजच्या २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली, किंमतपातळीचं आधारवर्षही २०१७ वरून २०२१ झालं. जुन्या रेषेचा गेल्या वर्षीचा आकडा आणि नव्या रेषेचा या वर्षीचा एका आलेखात जोडला तर कोणाच्याही आयुष्यात काही न बदलता गरिबी वाढलेली दिसेल. एकतर जुनी मालिका नव्या रेषेने पुन्हा काढलेली वापरा, नाहीतर आलेख तिथे तोडा.

आलेखाचं पहिलं वर्ष कोणी निवडायचं हेही लिहून ठेवा. मंदीच्या तळापासून सुरू केलेला आलेख नेहमीच छान चढतो. उपलब्ध असेल तितकी सगळी मालिका दाखवायची, हा सर्वात सोपा नियम. आणि सरकारी प्रकाशनं बंदही पडतात: ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी ब्युरोने २००२ पासून चालवलेला प्रगती-मापनाचा उपक्रम २०१४ मध्ये खर्चकपातीत गुंडाळला. त्यामुळे मिळालेला प्रत्येक मूळ तक्ता तारखेसह स्वतःकडे जपून ठेवा.

तळटीप

सर्वांचे मनापासून आभार. देणगीदारांशी तीन कलमांवर बोलतो. एक उपप्रश्न: समजा संपादकाला शीर्षक हवं, 'सार्वजनिक वाहतुकीवर समाधानी नागरिक वाढले', संख्याशास्त्रज्ञ अडवतो. सर्वेक्षणात गेल्या वर्षी ४० टक्के, यंदा ४३, दोन्ही वेळी नमुना एक हजार जणांचा. कोणाचं ऐकायचं?

पायाभूत वर्ष

संख्याशास्त्रज्ञाचं. हजार जणांच्या साध्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या) नमुन्यात एका आकड्याची त्रुटी, म्हणजे सगळ्यांऐवजी थोड्यांनाच विचारल्यामुळे येणारी अनिश्चितता, साधारण ±३ टक्केबिंदू असते. दोन वर्षांतल्या फरकाची ±४.३ च्या आसपास जाते. गावं किंवा वस्त्या निवडून मग घरं निवडली असतील तर आणखी जास्त. तीन बिंदूंचा फरक त्यात बुडतो. शीर्षक 'दहापैकी सुमारे चार जण समाधानी. वर्षभरात ठळक बदल दिसत नाही' असं करा.

शेराशेवाय

हे शीर्षक कोणी उघडणार नाही.

मध्यक

उघडणार नाही कदाचित. म्हणूनच संपादकाच्या कामाचं मूल्यमापन पानभेटींवर करू नका. किती पत्रकारांनी आणि शिक्षकांनी आकडा उचलला आणि दुरुस्त्या किती लवकर लागल्या, यावर करा. दुरुस्ती पानाच्या वरच्या बाजूला, तारखेसह, जुना आकडा खोडून पण वाचता येईल असा ठेवून. आणि ती लावण्याचा पासवर्ड संपादकाबरोबर संख्याशास्त्रज्ञाकडेही हवा. नाहीतर संपादक रजेवर असला की चुकीचा आकडा सोमवारपर्यंत तसाच फिरत राहतो.