डॉन चेरीने वाजवला तो मालकंस म्हणायचा का?

तलावपाळीकर, ठाणे

गेल्या रविवारी नौपाड्यातल्या आमच्या श्रवण-बैठकीत मी अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक डॉन चेरीचा 'मालकंस' लावला. १९७५च्या 'ब्राउन राइस' या रेकॉर्डवरचा, चौदा मिनिटांचा. आधी तानपुरा, त्यावर बराच वेळ चार्ली हेडनचा एकटा डबल बास, मग चेरीचा ट्रम्पेट आणि बिली हिगिन्सचे ड्रम्स. संपल्यावर एक ज्येष्ठ श्रोते म्हणाले, "गावोगाव फिरून वाद्यं उचलणाऱ्या माणसाने रागाचं नाव घेऊ नये." तिथे वेळ संपली होती, म्हणून माझं म्हणणं इथे मांडतो.

मला हे मुळीच पटत नाही. चेरी आला कुठून ते आधी बघा. जन्म १९३६चा, ओक्लाहोमा सिटीतला. वाढला लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत. १९५९च्या नोव्हेंबरात सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या चौकडीबरोबर तो न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या जॅझ क्लबमध्ये वाजवायला उभा राहिला आणि जॅझवाल्यांमध्येच दोन तट पडले. ठरलेल्या कॉर्ड्सच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या, क्रमावर आपली कारागिरी दाखवायची ही बीबॉप या जॅझ शैलीची शिस्त. या चौघांनी ती बाजूला ठेवली. धून वाजवायची आणि मग ती नेईल तिकडे जायचं. म्हणजे एकाच धुनेच्या आधाराने मोकळं फिरायची ओढ त्याच्यात तानपुरा हातात यायच्या कितीतरी आधीपासून होती. १९६५मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं 'कम्प्लीट कम्युनियन' ऐका. रेकॉर्डची एक बाजू म्हणजे एक सलग रचना, तिच्यात धुना येतात, विरतात, पुन्हा उगवतात. १९६८ला बर्लिनमध्ये तो जावा-बालीच्या गॅमेलानमधली, म्हणजे तिथल्या धातूच्या वाद्यवृंदातली, वाद्यं घेऊन बसला. १९६९ला एड ब्लॅकवेलचे ड्रम्स आणि चेरी, बस दोघेच, आणि त्यात ट्रम्पेट, बासरी, पियानो, गाणं सगळं. पुढे बायको मोकीबरोबर स्वीडनमधल्या टोगार्पच्या एका जुन्या शाळेत बिऱ्हाड केलं, मुलांना गोळा करून गायला शिकवलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वसंत राय यांच्याकडे तो हिंदुस्थानी संगीत शिकला. वसंत राय सरोदिये, बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्य. यात उचलेगिरी कुठे आहे? हा माणूस जन्मभर विद्यार्थी राहिला, आणि हीच त्याची थोरवी आहे.

खारघर_षड्ज

दादा, विद्यार्थी असणं आणि रागाचं नाव लेबलासारखं चिकटवणं यात फरक आहे. मी धृपद शिकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मालकंसात रिषभ-पंचम नाहीत. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. एवढं सांगितलं म्हणजे सुरांची यादी झाली. राग त्यानंतर सुरू होतो. मध्यमावर येऊन थांबायचं कसं, गंधाराला मध्यमाचा स्पर्श किती, मंद्रातल्या (खालच्या सप्तकातल्या) धैवतावर रेंगाळून षड्जावर कधी यायचं, हे वर्षानुवर्षं गुरूसमोर बसून कळतं. आमच्या इथून पनवेलच्या पुढे पळस्प्याला उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचं धृपदाचं गुरुकुल आहे, आता बहाउद्दीन डागर तिथे शिकवतात. त्या परंपरेत एकेका स्वराला किती वेळ देतात हे ज्याने एकदा ऐकलं, त्याला चेरीच्या त्या तुकड्यात मालकंसाची सावली दिसेल, मालकंस दिसणार नाही. हेडनचा बास मला फार आवडतो, तेही सांगते. पण आवडणं हा पुरावा होत नाही.

आणि ट्रम्पेटवर हे अशक्य आहे असंही नाही. जॉन हॅसेल बघा. मेम्फिसचा, १९३७चा जन्म, चेरीहून काही महिन्यांनी लहान. जर्मनीत संगीतकार श्टॉकहाउझेनकडे शिकलेला माणूस किराना घराण्याच्या पंडित प्राणनाथांसमोर बसला आणि गळ्यातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं, ओठांवर आणायला झटला. १९७७चं 'व्हर्नल इक्विनॉक्स' ऐकलंत तर कळेल. तिथे ट्रम्पेट गातो. किराना म्हणजे आपल्या मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं घराणं, त्यामुळे तो आकार आपल्या कानाला लगेच ओळखू येतो. एक गुरू, एक दिशा. चेरीने मात्र दहा दारं ठोठावली.

कळव्याचा_बँडवाला

मी ट्रम्पेट वाजवतो. लग्नाच्या वराती, गणपती, मिरवणुका, सगळं. वाद्याबद्दल दोन शब्द.

ट्रम्पेटला तीन व्हॉल्व्ह. दुसरा दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिल्याने पूर्ण स्वराने, तिसऱ्याने दीड स्वराने. बाकीचं सगळं ओठ आणि श्वास. मींड काढायची तर व्हॉल्व्ह अर्धवट दाबून ओठाने सूर ओढावा लागतो, आणि त्यात आवाज चिरकतो. ताईंनी हॅसेलचं नाव घेतलं ते योग्यच, पण त्याने इलेक्ट्रॉनिक यंत्रांची मदत भरपूर घेतली. चेरी बहुतेक वेळा यंत्रांशिवाय, उघडा ट्रम्पेट वाजवायचा, तोही पॉकेट ट्रम्पेटवर. दिसायला तो खेळण्यासारखा, पण नळीची लांबी नेहमीच्या ट्रम्पेटएवढीच असते, फक्त गुंडाळी घट्ट. सूरही तोच.

चेरीचा सूर कधीकधी हलतो, फाटतो, हे मी मान्य करतो. बीबॉपवाल्या ट्रम्पेटर क्लिफर्ड ब्राउनसारखी सफाई त्याच्याकडे नाही. पण रस्त्यावर तासन्‌तास फुंकणाऱ्याला त्या फाटण्यातलं माणूसपण समजतं. मला तो हॅसेलपेक्षा जवळचा वाटतो.

ऐरोली_सेक्टर८

सगळेच राग शुद्ध की अशुद्ध यावर बोलताय. मला प्रश्न पडतो श्रेयाचा. 'वर्ल्ड म्युझिक' हा दुकानातला कप्पा १९८७मध्ये लंडनच्या एका पबमध्ये रेकॉर्ड कंपन्यांच्या लोकांनी ठरवला. माल विकायला. त्या कप्प्यात पाश्चात्त्य माणसाचं नाव ठळक आणि मालीच्या, ब्राझीलच्या वादकाचं बारीक अक्षरात. चेरी भला असेल, पण बाजार त्याच्याच नावाने चालला.

आणि उलट्या बाजूचं आपण कधी बोलतो का? आल्दोन्याचा अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईच्या ताजमध्ये जॅझ वाजवायचा. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आपल्या सी. रामचंद्रांचा तो सहायक होता. १९५१च्या 'अलबेला'तल्या त्या झुलत्या ब्रासमागे अशा गोव्याच्या वादकांचा हात आहे. १९६७ला तो गेला. दोन परंपरांमध्ये वावरलेला ट्रम्पेटर म्हणून त्याच्यावर धागा कोण काढतं? चेरीवर लिहायला आपण पटकन बसतो.

तलावपाळीकर, ठाणे

ऐरोलीकर, चिक चॉकलेटबद्दल शंभर टक्के सहमत, त्यावर तुम्ही लिहाच, मी पहिला वाचक असेन. पण १९८७चा कप्पा चेरीच्या माथी मारू नका. तो कप्पा निघायच्या जवळजवळ वीस वर्षं आधी तो बर्लिनमध्ये गॅमेलानची वाद्यं वाजवत होता. आणि श्रेयाचंच बघायचं तर 'कोडोना' बघा. कॉलिन वॉलकॉट, डॉन चेरी, नाना वास्कोन्सेलोस, तिघांच्या नावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून गटाचं नाव. वॉलकॉट सतार रविशंकरांकडे आणि तबला अल्लारखाँकडे शिकलेला, नाना ब्राझीलचा, बेरिंबाव हे धनुष्यासारखं एका तारेचं वाद्य वाजवणारा. ब्राझीलच्या माणसाचं नाव इथे बारीक अक्षरात नाही. तिघांनी १९७८ ते १९८२मध्ये तीन रेकॉर्ड केल्या. १९८४मध्ये पूर्व जर्मनीत दौऱ्यावर असताना वॉलकॉट अपघातात गेला, नाहीतर अजून किती झालं असतं.

षड्जताई, दहा दारांचं म्हणता, तर मालीच्या शिकाऱ्यांचं डोन्सो एन्गोनी हे सहा तारांचं, भोपळ्याचं वाद्य त्याने नुसतं मिरवायला घेतलं नाही. त्याच्या ठेक्यावर गातो तेव्हा त्याचा आवाज वेगळाच होतो. एका गुरूपाशी आयुष्य काढणं थोर आहेच. पण प्रत्येकाने तसंच जगावं ही अट का?

खारघर_षड्ज

अट कुणाच्या जगण्यावर नाही, नावावर आहे. 'कोडोना' मला मनापासून आवडतं, कारण तिथे कुठला राग सांगितला म्हणून तो मी शोधत बसत नाही. तिघं एकमेकांना ऐकतात, वॉलकॉटच्या तबल्यात तालीम स्पष्ट कळते आणि चेरी जागा सोडतो. माझ्या मते ते त्याचं सर्वांत खरं काम.

'मालकंस' नाव दिलंत की मग मी मध्यम शोधणार. माझे कान तसेच घडलेत आणि ते बाजूला ठेवून मी ऐकणार नाही. उद्या कुणी आपल्याकडे चार ब्लू नोट्स (ब्लूजमधले किंचित उतरलेले सूर) लावून त्याला ब्लूज म्हटलं, तर वॉट्समधल्या माणसानेही हेच विचारावं.

कळव्याचा_बँडवाला

ताई, विचारावंच. पण आमच्या बँडमध्ये वरातीला वाजतं त्यात लावणी असते, कोळीगीत असतं, सिनेमाचं असतं, आणि त्यातलं एकही आम्ही कुणाकडे गंडा बांधून शिकलो नाही. ऐकून ऐकून वाजवतो. पुढच्या बैठकीला मी ट्रम्पेट घेऊन येतो. तुम्ही मालकंसाचा मध्यम गाऊन दाखवा, तो या तीन व्हॉल्व्हवर कितपत उतरतो ते तिथेच बघू.