वडील बोर्ड पेंटर, मी पतसंस्थेत, आणि मला चित्रकार व्हायचंय. कुणाची कामं बघू?

काठावरची:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी २६ वर्षांची, कोल्हापूर. दिवसा पतसंस्थेत काउंटरला असते, म्हणजे पासबुकं छापायची, पिग्मी एजंटांचा हिशोब जुळवायचा आणि मार्च आला की रात्री नऊ. शाळेत चित्रकला बरी होती, इंटरमिजिएटला ए ग्रेड, पण बारावीनंतर घरची परिस्थिती बघून बीकॉम केलं आणि तो विषय तिथेच संपला असं सगळ्यांना वाटलं, मलापण. लॉकडाऊनमधे परत हात लावला तो आजवर सुटलेला नाही. रोज जेवणं झाली की स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरते (घरातली सगळ्यात चांगली ट्यूब तिथेच आहे) आणि तास दीड तास काढत बसते.

मला पुस्तकांसाठी इलस्ट्रेशन करायचंय, खास करून लहान मुलांच्या गोष्टींसाठी, आणि सोबत पेंटिंगपण. अडचण अशी की इन्स्टावर एखादं अकाउंट आवडलं की पुढचे पंधरा दिवस माझी सगळी चित्रं त्याच्यासारखीच व्हायला लागतात. सध्या माझ्या सगळ्या मुलींचे गाल गुलाबी गोल आहेत आणि घरांना धुरांडी. परवा मामेभावाच्या मुलाने विचारलं, आत्या हे कुठलं गाव? मला सांगताच येईना.

पप्पा बोर्ड पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, दूध संस्थेच्या भिंती, निवडणूक लागली की महिनाभर घरी फक्त झोपायला यायचे. फ्लेक्स आला आणि चार पाच वर्षांत सगळं बंद पडलं, आता हार्डवेअरच्या दुकानात जातात. माझी चित्रं दाखवली की "चांगलंय" म्हणतात आणि परत टीव्हीकडे बघतात. खरं सांगायचं तर प्रेरणा वगैरे शब्द मी त्यांच्या कामाला कधी लावला नाही, ते आमच्यासाठी पोटाचं काम होतं बस.

तर आपल्याकडच्या कुणाची कामं बघू, या वयात एटीडी (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) किंवा बीएफए (चित्रकलेची पदवी) करण्यात अर्थ आहे का, आणि नोकरी सोडल्याशिवाय हे जमतं का? रागवा पण खरं सांगा.

खडूफळा:
मी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो, तेव्हा थोडं मास्तरकीनेच लिहितो.

नोकरीचं आधी. व्यंगचित्रकार वसंत सरवटे तुमच्याच कोल्हापूरचे, जन्म १९२७. शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, नोकरी सिमेंट कंपनीत. ती करता करता त्या माणसाने 'ललित' मासिकाच्या दिवाळी अंकांची कव्हरं वर्षानुवर्षं काढली. म्हणजे नोकरी सोडल्याशिवाय जमत नाही हे डोक्यातून काढा. शि. द. फडणीसही तुमच्या पट्ट्यातलेच, निपाणीजवळच्या भोजचे, १९२५ चा जन्म. त्यांची 'मोहिनी' मासिकाची मुखपृष्ठं मिळवून बघा. खाली एक शब्द नाही, तरी माणूस हसतो. ज्या चित्राला खाली ओळ लिहावी लागत नाही ते काढायला किती विचार लागतो हे ती बघून कळतं, मुलांच्या पुस्तकाला हेच लागतं.

आणि चित्रकार म. वि. धुरंधर. तेही कोल्हापूरचेच, १८६७ चा जन्म, पुढे आयुष्य मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत गेलं, आत्मचरित्राचं नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. त्यांच्या चित्रातली बाजारातली बाई बघा. लुगडं कसं नेसलीय, ओझं कुठल्या कमरेवर आहे, उन्हात डोळे कसे बारीक केलेत. यातलं काही फोटोवरून येत नाही, येतं ते उभं राहून बघण्यातून. तुम्ही काउंटरला बसता ना? तुमच्यासमोर रोज शंभर माणसं वाकून सही करतात. एकेकाची पेन धरायची पद्धत लक्षात ठेवा आणि रात्री काढा. परीक्षेत आपण स्मरणचित्र म्हणायचो तेच हे, सगळ्यात जास्त टाळला जाणारा पेपर आणि सगळ्यात उपयोगाचा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी. दीनानाथ दलालांची जुनी मुखपृष्ठं (१९४५ मधे 'दीपावली' अंक काढला ते चित्रकार दलाल) हातात आली तर आधी रंग मोजा. त्या काळी जितके रंग तितके ब्लॉक (छपाईचे ठसे), प्रत्येक ब्लॉकचा खर्च प्रकाशकाच्या बोकांडी, म्हणून कमीत कमी रंगांत भागवायला लागायचं. एकावर एक दोन रंग चढले की तिसरा फुकट मिळायचा, कागदाचा पांढरा हा चौथा. आता स्क्रीनवर लाखो रंग आहेत म्हणून मुलं सगळेच वापरतात आणि चित्राचा चिखल होतो. महिनाभर फक्त दोन रंग आणि कागद. करून बघा, मग बोला.

शाईचा_डाग:
सरांशी सहमत, फक्त "नोकरी करत जमतं" हे जेवढं सोपं वाटतं तेवढं नाहीये. मी पुण्यात नऊ वर्षं हेच काम करते, आधी तीन वर्षं नोकरी सांभाळून केलं आणि त्या तीन वर्षांत माझी एकही रविवारची दुपार माझी नव्हती. दिवाळी अंकांची कामं जुलै ऑगस्टला येतात आणि सगळ्यांना परवा हवी असतात. माझ्या पहिल्या अंकाचे पाच चित्रांचे १५०० मिळाले, तेपण पुढच्या मे महिन्यात, चार वेळा फोन केल्यावर. हे घाबरवायला सांगत नाहीये, पगार चालू असताना हे धक्के खाऊन घे एवढंच.

आता कामाचं. गोष्ट हातात आली की पहिल्या वाचनात पेन्सिल उचलायची नाही. लेखकाने लिहिलंय "आजी विहिरीवर गेली" आणि तू विहिरीवर गेलेली आजी काढलीस तर तू काहीच केलं नाहीस, ते मुलाला वाचून कळलंच आहे. तिच्या मागे कोण चाललंय, घागर रिकामी आहे म्हणून ती कशी हलतेय, विहिरीवर आधीच कोण बसलंय, ते तुझं काम. छोटी छोटी काडेपेटीएवढी चित्रं काढायची, एका पानासाठी दहाबारा, त्यातलं एक निवडायचं. आणि पात्र ठरलं की ते समोरून, बाजूने, पाठीमागून, रडताना, पळताना असं एका कागदावर काढून भिंतीला लाव, नाहीतर पान ३ वरची आजी पान १४ वर मावशी होते. माझी झालीये.

छपाईत रंग मरतात हे लक्षात ठेव, स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा आणि जांभळा कागदावर मळकट येतो. फाइल ३०० डीपीआय आणि चारी बाजूंनी ३ मिमी जास्त सोडलेली, नाहीतर कटिंगला आजीचा पाय जातो.

आणि हे नीट वाच. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं आणि वेगळं काही लिहून घेतलं नसेल तर कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७ चा) पहिला मालक ते काढायला सांगणारा ठरू शकतो. म्हणून साधा ईमेल तरी कर की हक्क माझ्याकडे, तुम्हाला अमुक पुस्तकाच्या मराठी आवृत्तीसाठी वापरायला दिलंय. हक्क लिहून देत असशील तर किती वर्षांसाठी आणि कुठे ते त्यात घाल. मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. बहुतेक प्रकाशकांनापण हे माहीत नसतं, त्यामुळे तू विचारलंस तर ते उलट दचकतात.

बीएफए? वेळ आणि पैसे असतील तर कर, चार वर्षं सोबत काढणारी माणसं मिळतात ती खरी कमाई. मला डिग्री आजवर एकाही प्रकाशकाने विचारली नाही.

उगाचच:
काय उपयोग. एआयला दोन ओळी सांगितल्या की दहा सेकंदात चित्र. प्रकाशक कव्हरं तशीच करायला लागलेत. पतसंस्थेत प्रमोशन बघा.

शाईचा_डाग:
@उगाचच त्या दहा सेकंदवाल्या कव्हरवर गेल्या वर्षी एक नऊवारी नेसलेली बाई आली होती, तिला काष्टाच नव्हता. दुरुस्त करायला माझ्याकडेच पाठवली. पैसे घेतले, जास्तच घेतले. पण कामं कमी झालीत हे खरंय, नाही म्हणणार नाही. साध्या फिलर (रिकामी जागा भरायच्या) चित्रांची कामं गेल्यातच जमा आहेत.

गजाली_बार्देश:
आमच्या गोव्यातून दोन शब्द. दलाल मूळ गोव्याचे, रघुवीर मुळगावकर अस्नोड्याचे, म्हणजे तुमच्या आजीच्या घरी कॅलेंडरवर जो देव होता तो बहुतेक आमच्याकडून आलेला :)

बाय, तू आमचा व्यंगचित्रकार मारियो मिरांडा बघ. त्याने चित्रकलेचं शिक्षण कुठे घेतलं माहितीय? कुठेच नाही. मुंबईला सेंट झेवियर्समधे इतिहासात बीए. लहानपणी घराच्या भिंतींवर काढायचा म्हणून आईने वही आणून दिली आणि तिथून त्याच्या चित्रांच्या डायऱ्या सुरू झाल्या. रोजचं जेवण, शेजारीण, लग्नातला बँड, पाद्री, मासळीबाजार, सगळं त्यात. पुढे जग फिरला, लिस्बनला राहिला, पद्मविभूषण मिळालं (गेल्यावर, २०१२ ला), पण त्याची माणसं शेवटपर्यंत त्याच्या गावच्या, लोटलीच्या तिठ्यावरचीच राहिली. पॅरिस काढलं तरी एखादं कुत्रं असं बसलेलं असतं की ते आमच्याच वाड्यावरचं वाटतं. मुंबईत आलीस तर कुलाब्याला कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर त्याचं काम आहे, एक चहा मागव आणि दोन तास बघत बस.

इन्स्टाची कॉपी होते त्यात लाजण्यासारखं काही नाही असं माझं मत, सगळेच करतात. फक्त एकाच माणसाचं नको. दहा जणांचं चोरलं की कुणाचं काय ते तुलाच आठवणार नाही.

पेठेतला_भावा:
च्यायला एवढं सगळं झालं आणि मूळ मुद्द्यावर कोणच येईना. ताई, पप्पा बोर्ड पेंटर आणि तू विचारतीयस कुणाचं काम बघू?

बाबूराव पेंटर. मिस्त्री होतं त्यांचं आडनाव, पेंटर हे कामावरनं पडलेलं नाव. कुठल्या आर्ट स्कूलात न जाता नाटकाचे पडदे रंगवले, पुढं कॅमेरा स्वतः बनवून महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, सिनेमाची पोस्टरं पण हातानंच. चित्रकार एम. एफ. हुसेन पंढरपूरचा, मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरलं. पेंटर हा शब्द आपल्याकडं इज्जतीचा हाय, तू एवढं खाली मान घालून लिहू नको.

माझं दुकान हाय मंगळवार पेठेत, बाहेरची पाटी १९९८ ची, हातानं रंगवलेली. फ्लेक्सवाला तीनदा येऊन गेला, मी नाही बदलली. त्यातल्या 'र' ची शेपटी अशी वळलीय की लोक फोटो काढून नेतात. ती कुणी काढली विचारशील तर सहीचा कोपरा उडालाय. कुणास ठाऊक तुझ्याच पप्पांची असंल.

आणि बघायला जायचं तर राजारामपुरीत चंद्रकांत मांडरेंचं संग्रहालय हाय, सिनेमातले मांडरे, त्यांचं पावडर शेडिंगचं काम बघ, नुसत्या पावडरीनं निसर्गचित्रं. आबालाल रहमान कोटितीर्थ तळ्याच्या काठाला राहून निसर्गचित्रं काढत बसायचे, तुझ्या घरापासनं रिक्षानं दहा मिनिटं असंल, पहाटे जाऊन बस तिथं वही घेऊन. एखाद्या रविवारी औंधला पण जा, भवानी संग्रहालय, तिथले राजे पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, तिथं रविवर्म्याची चित्रं हायत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं शिल्प पण हाय, खरंच, साताऱ्यातल्या एका खेड्यात.

काठावरची:
सगळ्यांचे खूप आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय कारण मधे ऑडिट होतं.

कोटितीर्थाला दोनदा गेले. पहिल्यांदा नुसती बसून आले, लोक बघत होते म्हणून वही काढायची लाज वाटली. दुसऱ्यांदा काढलं, वाईट आलं, पाणी सगळं गोठल्यासारखं. सरांचं दोन रंगांचं चालू आहे, काव आणि निळा, डोकं फिरतं पण मजा येतेय. काउंटरची वही झालीये, आत्तापर्यंत एकतीस हात. एका आजोबांचा अंगठा काढलाय शाई लावताना, तो मला स्वतःला आवडला.

@पेठेतला_भावा तुमचं वाचून पप्पांना पाटीचं विचारलं. म्हणाले मंगळवार पेठेत अठ्ठ्याण्णवला खूप केल्या, 'र' ची शेपटी कुठल्या बाजूला वळलीय ते विचार. मग स्वतःहून उठले, माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढला, त्यात ब्रश, सरळ रेष मारायची खडू लावलेली दोरी आणि हात टेकायची ती काठी, टोकाला कापडाचा बोळा बांधलेली. ही काठी मी लहानपणी बाहुलीची गदा म्हणून खेळायचे. मी मुलांच्या गोष्टीचं एक पान काढत होते, शीर्षक हाताने लिहिलेलं. पहिल्यांदाच नीट बघितलं त्यांनी, दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "क खाली बसलाय. शब्द एका दोरीत नाहीत." आणि दोरी मारून दाखवली. नवा ओटा खराब केला म्हणून आईने आम्हा दोघांना झापलं.

तर शेपटी कुठल्या बाजूला आहे?

पेठेतला_भावा:
डावीकडं, आणि खाली एक टिंब हाय, फोटो टाकतो संध्याकाळी. पप्पांना दुकानावर घेऊन ये.