आदर्श प्रकरण: मंजुरी रद्द झाली म्हणजे अशोक चव्हाण सुटले का?

प्रश्नकर्ता: तळटीप

माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण आणि कुलाब्याच्या आदर्श सोसायटीतल्या फ्लॅटच्या घोटाळ्याचा विषय निघाला की दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "हायकोर्टानेच क्लीन चिट दिली." दोन, "पक्ष बदलला आणि केस धुऊन निघाली." तारखा लावून पाहिल्या तर दुसरं वाक्य बसत नाही, कारण हायकोर्टाचा निकाल डिसेंबर २०१७ चा आणि भाजपप्रवेश फेब्रुवारी २०२४ चा. पहिल्याबद्दलही शंका आहे. एका राज्यपालांनी खटला चालवायची मंजुरी नाकारली, दुसऱ्यांनी दिली, कोर्टाने ती रद्द केली. या सगळ्यात आरोप खरे की खोटे हे कुणी तपासलं का? आणि पद सोडलेल्या माणसासाठी राज्यपालांची मंजुरी लागतेच कशाला? मूळ कागद कुठे मिळतात तेही सांगा. राजकीय धुळवडीसाठी दुसरा धागा आहे.

प्रतिसाद १: कलमबहाद्दर

सगळा घोळ "मंजुरी" एकच आहे असं समजण्यातून होतो. या खटल्यात दोन वेगळे कायदे आहेत आणि दोघांची मंजुरीही वेगळी.

पहिला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, कलम १९. याचं मूळ आपल्याच अंतुले प्रकरणात सापडतं. अंतुल्यांनी जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलं, पण ते आमदार होते. फेब्रुवारी १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की ज्या पदाचा गैरवापर केल्याचा आरोप आहे ते पद कोर्ट दखल घेतं त्या दिवशी आरोपीकडे नसेल, तर मंजुरीची गरज नाही. आमदारकी चालू असल्याने काही फरक पडत नाही. (हेच प्रकरण हायकोर्टाकडे वर्ग करण्याचा आदेश पुढे १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींनी मागे घेतला, पण मंजुरीचा मुद्दा टिकला.) २०१८ च्या दुरुस्तीने हे बदललं. आता गुन्ह्याच्या वेळी जो लोकसेवक होता त्यालाही, पद गेल्यावरसुद्धा, मंजुरीचं कवच आहे. आदर्शचं आरोपपत्र जुलै २०१२ चं, म्हणजे जुन्या नियमाच्या काळातलं.

दुसरा सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता), कलम १९७. भारतीय दंडसंहितेखालचे गुन्हे, इथे कट (१२०-ब) आणि फसवणूक (४२०), सरकारी काम करताना घडल्याचा आरोप असेल तर हे कलम लागतं. यात "आहे किंवा होता" असे शब्द पहिल्यापासून आहेत, त्यामुळे माजी मंत्र्यालाही संरक्षण मिळतं. राज्यपालांकडे फाईल गेली ती या कलमाखाली.

आता क्रम बघा. आरोप असा की महसूलमंत्री असताना चव्हाणांनी कुलाब्याच्या सोसायटीत ४० टक्के सदस्य बिगर-लष्करी घ्यायला संमती दिली, पुढे मुख्यमंत्री असताना वाढीव एफएसआयचा (भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्याच्या प्रमाणाचा) मार्ग मोकळा केला आणि बदल्यात नातेवाइकांना फ्लॅट मिळाले. चव्हाणांनी तो कायम नाकारला आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये राजीनामा, जानेवारी २०११ मध्ये सीबीआयचा एफआयआर. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी १९७ खाली मंजुरी नाकारली.

मग सीबीआयने केलं काय, तर चव्हाणांचं नावच आरोपींतून वगळा असा अर्ज विशेष न्यायालयात दिला. जानेवारी २०१४ मध्ये तो फेटाळला गेला, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये हायकोर्टानेही सीबीआयला परत पाठवलं. कारण सरळ होतं: कट आणि फसवणुकीला मंजुरी नाही हे मान्य, पण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलमाला ती लागतच नाही, मग नाव काढायचं कशासाठी? मार्च २०१५ मध्ये चव्हाणांचा या आदेशाविरुद्धचा अर्जही फेटाळला गेला. चर्चेत हा टप्पा नेहमी गाळला जातो, आणि माझ्या मते सगळ्यात बोलका तोच आहे.

सीबीआय पुन्हा राजभवनात गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यपाल विद्यासागर राव यांनी मंजुरी दिली. चव्हाणांनी आव्हान दिलं आणि २२ डिसेंबर २०१७ रोजी हायकोर्टाने ती रद्द केली. आधीच्या राज्यपालांनी पाहिलेल्या कागदांवर नव्या राज्यपालांना फेरविचार करता येत नाही, त्यासाठी नवा पुरावा हवा, आणि तोही खटल्यात टिकू शकेल असा. सीबीआयने "नवं" म्हणून जे दाखवलं ते या कसोटीला उतरलं नाही.

म्हणजे कोर्टाने तपासली ती मंजुरी. फ्लॅट आणि फाईल यांचा संबंध होता की नव्हता यावर तिथे साक्षीपुरावा झालेला नाही. त्यामुळे "क्लीन चिट" हा शब्द चूक, आणि "कोर्टाने वाचवलं" हेही चूक.

प्रतिसाद २: आडवाटेचा

पण आदर्शची चौकशी करणाऱ्या न्या. जे. ए. पाटील आयोगाच्या अहवालात चव्हाणांचं नाव होतं ना? तो २०१३ चाच अहवाल. सरकारने आधी फेटाळला, दिल्लीहून कान टोचल्यावर जानेवारी २०१४ मध्ये अंशतः स्वीकारला. याहून नवा पुरावा कोणता हवा?

प्रतिसाद ३: कलमबहाद्दर

चौकशी आयोगाचा निष्कर्ष हे मत असतं, पुरावा नव्हे. आयोग १९५२ च्या कायद्याखाली बसतो आणि त्याच कायद्याचं कलम ६ म्हणतं की आयोगापुढे दिलेलं निवेदन, खोटी साक्ष दिल्याचा खटला सोडला तर, त्या माणसाविरुद्ध वापरता येणार नाही. तपास यंत्रणेने अहवालातला धागा पकडून स्वतः जबाब घ्यायचे, मूळ फाईल आणि बँकेची कागदपत्रं जप्त करायची, तेव्हा तो पुरावा होतो. अहवाल नुसता जोडून पाठवला की हायकोर्टात तो गळतो. इथे तेच झालं.

प्रतिसाद ४: उलटतपासणी

एका मुद्द्यावर असहमत. १९७ ची मंजुरी मागायची गरज होती का, इथूनच वाद सुरू व्हायला हवा. पंजाबचे माजी मुख्यमंत्री प्रकाशसिंग बादल यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की फसवणूक, बनावट कागद, कट हे कर्तव्याचा भागच होऊ शकत नाहीत, पद फक्त संधी देतं. सीबीआयने ही भूमिका घेऊन थेट खटला चालवायला हवा होता. स्वतःहून राज्यपालांच्या दारात गेली, नकार पदरात पडला आणि तो नकार गळ्यात अडकला. यंत्रणेने स्वतःच्या हाताने दिलेलं हत्यार आहे हे.

प्रतिसाद ५: कलमबहाद्दर

बादलचा आधार आहे, पण इथे तो पुरा पडेल असं वाटत नाही. मंत्र्याने फाईलवर सही करणं हेच आरोपाचं केंद्र आहे, आणि सही करणं हे त्याचं काम. बचाव पक्षाने पहिल्याच तारखेला १९७ चा मुद्दा काढला असता आणि वर्षं त्यातच गेली असती. मात्र नाव वगळण्याचा अर्ज का दिला, याचं समाधानकारक उत्तर मलाही दिसत नाही.

आणखी एक. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधील असतात की नाही, हा वाद २०१३ (आघाडी सरकार) आणि २०१६ (युती सरकार) दोन्ही वेळा झाला. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २००४ मध्ये मध्य प्रदेशच्या दोन माजी मंत्र्यांच्या प्रकरणात मार्ग घालून दिला आहे: मंत्रिमंडळाचा नकार उघडउघड पक्षपाती किंवा अतार्किक दिसला तर राज्यपाल स्वतःच्या विवेकाने मंजुरी देऊ शकतात. एरवी सल्लाच चालतो.

आज असं प्रकरण आलं तर फरक पडेल. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी १९७ ची जागा बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम २१८ ने घेतली आहे आणि त्यात १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी दिली असं धरतात. फाईल वर्षानुवर्षं दाबून ठेवणं आता तितकं सोपं नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात मात्र २०१८ पासून कलम १७-अ आहे. अधिकृत निर्णयाबाबतचा आरोप असेल तर चौकशीच्या आधीच पूर्वपरवानगी लागते. म्हणजे एक दार उघडलं आणि त्याच्या अलीकडे दुसरं बसवलं.

प्रतिसाद ६: नक्कलविभाग

कागदांबद्दल.

निकाल मुंबई हायकोर्टाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पक्षकाराच्या नावाने शोधताना वर्ष द्यावंच लागतं, आणि ते निकालाचं नसून अर्ज दाखल झाल्याचं असतं. २०१७ च्या निकालासाठी २०१६ टाका. नाव इंग्रजी अक्षरांत लागतं आणि चव्हाणचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे नोंदलेलं असतं, म्हणून आधी फक्त "अशोक शंकरराव" देऊन बघा. नाव वगळण्याच्या प्रकरणात अर्जदार सीबीआय आहे, त्यामुळे तिथे सीबीआयच्या नावाने शोधा. खालच्या कोर्टाची स्थिती ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी संकेतस्थळावर दिसते, सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक) हाती असेल तर लगेच.

आरोपपत्र ऑनलाइन शोधत बसू नका. ते जनतेसाठी टाकणं बंधनकारक नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. कोर्टाच्या नोंदीची नक्कल माहिती अधिकारात मागितली तर अर्ज परत येतो, कारण २०२० च्या निकालानुसार तिथे कोर्टाचे स्वतःचे नियम लागू. त्रयस्थ माणसाने कारण लिहून नक्कल विभागात अर्ज करायचा.

मंजुरीची टिपणं हवी असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज राज्यपाल कार्यालय किंवा संबंधित विभागाकडे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे १५० शब्दांच्या आत. "आदर्शसंबंधी सर्व कागद" असं लिहिलंत तर नकार ठरलेला. आदेशाची तारीख द्या आणि "या आदेशाची व त्यावरील टिपणीची प्रत" इतकंच मागा. सीबीआय माहिती अधिकारातून वगळलेली आहे, तरी भ्रष्टाचाराच्या आरोपांशी निगडित माहितीला ती सूट लागू नाही. व्यवहारात ते माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ह) (इंग्रजीत h) दाखवतात, तपासाला अडथळा येतो म्हणून. अडथळा कसा येतो हे त्यांनी लिहून द्यायला हवं, पहिल्या अपिलात तेच विचारा.

प्रतिसाद ७: मतदारयादी

वरती कुणी विचारलं नाही, पण वाद बहुतेक वेळा "मग निवडणूक कशी लढतात?" इथे येऊन थांबतो. आरोप, आरोपपत्र, अगदी आरोप निश्चिती झाली तरी अपात्रता येत नाही. ती शिक्षेनंतर येते, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे. साधारणपणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा हवी, पण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली नुसता दंड झाला तरी सहा वर्षं बाद. अपील दाखल आहे म्हणून आमदारकी-खासदारकी वाचण्याची सोय सुप्रीम कोर्टाच्या जुलै २०१३ च्या निकालाने गेली.

प्रलंबित खटले उमेदवाराने फॉर्म २६ च्या शपथपत्रात लिहायचे असतात. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर स्कॅन करून टाकलेलं असतं. कुणाच्या खटल्याची आजची स्थिती काय यावर इथे भांडण्याऐवजी त्यातला रकाना उघडा आणि केस क्रमांक घेऊन ई-कोर्ट्सवर जा.