फायर टीव्ही स्टिक: नवीन घ्यावी की आहे तिच्यातूनच अधिक काढता येईल?

धागाकर्ता:
नमस्कार मंडळी. ४३ इंची फोर-के टीव्हीला फायर टीव्ही स्टिक फोर-के (इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारी अ‍ॅमेझॉनची छोटी कांडी) जोडली आहे. तिला वीज टीव्हीच्याच यूएसबीतून दिली आहे. राऊटर शेजारच्या खोलीत, मधे भिंत आणि लोखंडी कपाट. रात्री चित्र मधूनच धूसर होतं आणि बातम्यांची खालची पट्टी सरकताना अडखळते. शिवाय आईबाबांना दोन रिमोट सांभाळणं जड जातं. जाणकारांनी सुचवावं.

तारजोडणी:
खर्च करू नका, आधी वीज बघा. टीव्हीचा साधा यूएसबी पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देतो, म्हणजे अडीच वॉट. स्टिकसोबत आलेला अडॅप्टर ५ व्होल्ट, १ अँपिअरचा असतो, म्हणजे बरोबर दुप्पट. वीज अपुरी पडली की स्टिक अडते किंवा आपोआप रीस्टार्ट होते. टीव्ही बंद केला की बऱ्याच टीव्हींचा यूएसबीही बंद होतो, त्यामुळे दर वेळी स्टिक पहिल्यापासून सुरू होते आणि रात्रीचे अपडेट राहून जातात. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा.

खोक्यातली एचडीएमआयची (स्टिक टीव्हीत जिथे खोचतो त्या पोर्टची) छोटी जोडवायर फेकून दिली नसेल तर तीही लावा. टीव्हीच्या पाठीला चिकटलेली स्टिक तापते, आणि टीव्हीचा पत्रा वायफाय अडवतो. चार बोटं बाहेर आली तरी फरक दिसतो.

राऊटरवाला:
धूसर चित्राचं मूळ बहुतेक वायफायमध्ये. सेटिंग्ज → नेटवर्कमध्ये आपल्या वायफायच्या नावावर जाऊन प्ले/पॉजचं बटण दाबा, सिग्नल किती ते दिसेल. तिथूनच स्पीड टेस्टही करता येते. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस (इंटरनेटच्या वेगाचं माप) सांगतं. मोबाइलवर राऊटरजवळ बसून मोजलेला वेग इथे कामाचा नाही, स्टिकवरच मोजा, आणि तोही रात्री.

राऊटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झला, म्हणजे वायफायच्या दोन लहरीपट्ट्यांना, वेगवेगळी नावं द्या आणि दोन्हींवर मोजून बघा. ५ वेगवान खरा, पण भिंतीपुढे आणि कपाटापुढे लवकर दमतो. २.४ लांब पोचतो, पण सोसायटीत त्यावर सगळ्यांची गर्दी. तिथे एकमेकांवर न चढणारे वायफायचे चॅनेल (उपपट्टे) तीनच: १, ६ आणि ११. यांतला मोकळा असेल तो निवडा. राऊटर कपाटामागून काढून माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवलात तर यातलं निम्मं करावंच लागणार नाही. एवढं करूनही भागलं नाही तर स्टिकसाठीचा लॅन अडॅप्टर (राऊटरची वायर थेट स्टिकला जोडणारा) घ्या. तो १०० एमबीपीएसपर्यंतच जातो, पण फोर-केला तेवढं भरपूर.

पडदा५०:
पट्टी अडखळण्याचं कारण वेगळं आहे, वायफाय कितीही सुधारलं तरी ते जाणार नाही. आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण सेकंदाला २५ फ्रेमच्या (स्थिर चित्रांच्या) हिशोबाचं, आणि स्टिक टीव्हीला सहसा ६० हर्ट्‌झने, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, चित्र पाठवते. ६० ला २५ ने भाग जात नाही. मग काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा, आणि एकसारखी सरकणारी पट्टी उचकी लागल्यासारखी पुढे जाते. २४ फ्रेमच्या सिनेमात कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा हेच होतं.

सेटिंग्ज → डिस्प्ले अँड साउंड्स → डिस्प्ले → मॅच ओरिजिनल फ्रेम रेट, हे चालू करा. व्हिडिओ सुरू होताना पडदा क्षणभर काळा होईल, तो दोष नव्हे, टीव्ही वेग बदलतो आहे. मात्र अ‍ॅपनेही साथ द्यावी लागते, सगळी देत नाहीत.

तारजोडणी:
आईबाबांसाठी एचडीएमआय सीईसी, म्हणजे एकाच रिमोटने टीव्ही आणि स्टिक दोन्ही चालवायची सोय. स्टिकमध्ये डिस्प्ले अँड साउंड्समध्ये ते चालू करा, आणि टीव्हीतही. टीव्हीत मात्र नाव बदलतं: सॅमसंगमध्ये अ‍ॅनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. मग स्टिकच्या रिमोटचं होम दाबलं की टीव्ही सुरू होऊन योग्य इनपुटवर येतो. त्यांच्यासाठी आणखी एक: प्रेफरन्सेस → फीचर्ड कंटेंटमध्ये व्हिडिओ आणि ऑडिओ ऑटोप्ले दोन्ही बंद करा. होमवर आपोआप वाजणाऱ्या जाहिरातींनी घाबरायला होतं.

स्टिकमध्ये जागा ८ जीबीच, त्यातली बरीच सिस्टिमच खाते. न लागणारी अ‍ॅप काढा. जड झालेल्या अ‍ॅपची क्लिअर कॅश करा (साठलेल्या तात्पुरत्या फाइल पुसा), पण शेजारचं क्लिअर डेटा दाबू नका, लॉगिन उडेल आणि आईबाबांसाठी पासवर्ड पुन्हा टाकत बसावं लागेल. अडलीच तर रिमोटवर मधलं बटण आणि प्ले/पॉज एकत्र पाच सेकंद धरा, रीस्टार्ट होते.

धागाकर्ता:
अडॅप्टर भिंतीला लावला, फ्रेम रेटही चालू केला, पट्टी आता सरळ सरकते. मनापासून आभार! टीव्ही एचडीआरचा (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणाऱ्या चित्राचा) आहे, तरी स्टिकवर एचडीआर दिसत नाही. ते का?

पडदा५०:
बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी ते वेगळं चालू करावं लागतं. सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीत अल्ट्रा एचडी डीप कलर, सोनीत एन्हान्स्ड फॉरमॅट शोधा. ज्या पोर्टला स्टिक आहे त्याचंच चालू करा. नेटफ्लिक्सवर फोर-के आणि एचडीआर फक्त प्रीमियम प्लॅनमध्ये आहे, तेवढं एकदा तपासा.