फोन लागत नाही तेव्हा: फौजींच्या घरचे अनुभव

आमचे हे लेहकडे फील्डला आहेत, म्हणजे घरच्यांना सोबत नेता येत नाही अशा पोस्टिंगवर. मी चिखली तालुक्यात सासरी, पदरात दोन पोरं. मे 2025 मधले 7 ते 10 हे चार दिवस अजून अंगातून गेले नाहीत. ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि यांचा फोन बंद. ज्या घरात जावं तिथे टीव्हीवर भोंगे वाजत होते. सहा वर्षांचा धाकटा विचारायचा, "बाबाचा फोन काऊन लागत नाही व आई? चार्जर इथंच राह्यलं का?" शेवटी मी रिमोटचे सेल काढून ज्वारीच्या कोठीत पुरले. सासरे संध्याकाळी सातला रेडिओवर बातम्या ऐकायचे. त्यांनी मान डोलावली की ताटं वाढायची. चौथ्या दिवशी फोन आला तेव्हा मला बोलताच येईना, मी कपाशीच्या बियाण्याचा भाव सांगत बसले.

तुम्ही अशा वेळी काय करता? उपदेश नको, केलेलं लिहा.

आर्वीहून

आमचं लेकरू एरवी बाबाचं नाव काढत नाही. तान्ह्या पोळ्याला मात्र फुटतं. सगळी पोट्टी बापाचं बोट धरून लाकडी बैल मिरवतात, हा माझ्यासोबत. गेल्या साली गर्दीत बैलाचं शिंग मोडलं. मी फेविकॉल आणला, तर हात लावू देईना. "बाबाच लावतीन." ते शिंग कागदाच्या पुडीत बांधून देवघरात ठेवलं. दिवाळीनंतर हे आले, बूटही काढू दिले नाहीत. शिंग थोडं वाकडं बसलं आहे. चालते.

कामठीच्या क्वार्टरमधून

नवरा फील्डला गेला की कुटुंबासाठी वेगळं क्वार्टर मिळू शकतं, फक्त नंबर लागायला वेळ जातो. मी गाव सोडलं तर सासूबाई चार महिने बोलल्या नाहीत. पण गावात आटाचक्कीपासून बसस्टँडपर्यंत एकच प्रश्न, "फोन आला का?" इथे आमच्या लाइनीत निम्म्या बायकांचे नवरे बाहेर. कोणी विचारत नाही, कारण कोणालाच विचारलेलं नको असतं. एखादीचा दिवा उशिरापर्यंत दिसला तर शेजारीण विरजण मागायला येते. विरजण तिच्याकडे असतंच.

दर्यापूर तालुका

एक गोष्ट बोलून टाकते. 26 जानेवारीला एका कार्यक्रमात माईकवरून मला "वीरपत्नी" म्हणून पुढे बोलावलं. टाळ्या! अहो, माझा नवरा जिवंत आहे. तो शब्द कोणासाठी असतो हे सूत्रसंचालन करणाऱ्याला माहीत नसावं? सासूने तिथेच पदर डोळ्याला लावला. त्या रात्रीपासून छातीत धडधड सुरू झाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो साफ निघाला. मग नणंदेने 14416 लावून दिला. सरकारचीच टेलिमानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी पंधरा मिनिटं नुसती रडले. पलीकडच्या बाईने फोन ठेवला नाही.

मूर्तिजापूर

वर्षाची 60 दिवसांची सुट्टी आणि वर 30 कॅज्युअल, ऐकायला भरपूर. ती एकदम मिळत नाही हे सोडा. हे आले की पहिले आठ दिवस घरात परेड असते. पोरगी बाहेर जायचं मला विचारते, यांना राग येतो. आता ठरवलं आहे: पहिल्या आठवड्यात वह्या तपासायच्या नाहीत, तुरीला पाणी द्यायला जायचं. रात्री पंपाची लाइट येते तेव्हा मी वर्षभर जातेच.

लोणार तालुका, वय 58

पोरींनो, आमच्या वेळी फोनच नव्हता. 1999 ला हे कारगिलला होते. पत्ता फक्त 56 एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस, मुक्काम कुठे ते कळायचं नाही. दोन पत्रं एकाच दिवशी यायची, त्यातलं मागचं आधी फोडलं जायचं. मी मनाशी धरलं होतं, पोस्टमनने सायकलवरून घंटी वाजवली तर पत्र, आणि दारात उतरला तर तार.

एका दुपारी तो उतरला. मी भाकरी थापत होते. हात तसेच पिठाचे, जागची हललेच नाही. लेकरू मांडीवर. तो खाली वाकला, चेन बसवली अन् म्हणाला, "वहिनी, घोटभर पाणी देता?"

पाणी कशाचं देते? आधी भांडले त्याच्याशी.